दुसरी पंगत

"मुंबई-पुण्यावाले आधी जेवून उठतेत," अण्णाजी पाटावरूनच गरजले, "अन् आपल्या विदर्भाच्या पानात काय? उरलंसुरलं खरकटं! म्हून आज गावात हे जनमत घेऊन रायलो. आपलं राज्य, आपला कारभार!"

छपरीत पंगतीला बसलेल्या कार्यकर्त्यांनी वडाभातावर फोडणीचं तेल ओतून घेत भरल्या तोंडाने जयजयकार केला. कोपऱ्यात मतपेटी होती. तिला हारही घातला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून अण्णाजींची बायको, शेवंताबाई, हे सगळं ऐकत होती. पहाटेपासून ती आणि तिची सून चुलीपुढे होत्या. सून पोटुशी, आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही. पण पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायांनी पान वाढून घ्यायचं नाही, ही या घराची रीत. अन्यायावर तासभर बोलणाऱ्या माणसाला ती कधी खुपली नव्हती.

अण्णाजी ढेकर देत उठले. "चला बायांनो, आता तुमीही मत टाका. 'राज्य पायजे'वर खूण करा."

"वडे उरले का?" शेवंताबाईने विचारलं.

"संपले. भात असन तळाला."

शेवंताबाईने पातेलं खरवडलं, निघाला तेवढा भात सुनेपुढे ठेवला आणि खरकट्या हातानेच पेटीपाशी येऊन उभी राहिली.

"माहं मत 'नको'," ती साऱ्यांदेखत म्हणाली. "मुंबईवाले निदान दुरून उपाशी ठेवतेत. तुमी त आमच्याच हातचं खाऊन आमाले उपाशी ठेवता."