मीठ बरोबर

सकाळी अकरा वाजता नुंत्सियाने पहिली वडी तोंडात टाकली, दोनदा चावली आणि म्हणाली, "मीठ बरोबर."

गास्पारेने मान हलवली. मग त्याने तिच्यामागे ताटकळलेल्या बारा पाहुण्यांच्या वड्या कढईत सोडल्या.

हे रोजचंच होतं. इटलीतल्या पालेर्मोच्या बाजारातून पाहुण्यांना खाऊ घालत फिरवायचं, तर वाटाड्याने आधी खायचं. नाहीतर गाड्यावरच्या पदार्थाला परदेशी माणूस हात लावत नाही. नुंत्सिया वर्षानुवर्षं आधी खात आली होती. ऑलिव्ह, उकडलेला ऑक्टोपस, पावात घातलेली प्लीहा आणि सगळ्यांत शेवटी गास्पारेच्या हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या. पीठ शिजवून थापायचं, कापायचं, तळायचं आणि तिळाच्या पावात भरायचं. गास्पारे पहिली वडी तिच्या हातात द्यायचा आणि ती गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. म्हाताऱ्याची माया, असं ती समजायची.

आज तिचे पाय भरून आले होते. काल दोन फेऱ्या झाल्या होत्या, परवा दोन. विनोद तेच, थांबे तेच. "बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखी मऊ, वरून लिंबाची चुणूक," ती पाठ म्हणाली. लिंबाची चुणूक तिला फक्त आठवत होती. दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला आणि जाताना चव घेऊन गेला. गरम-गार कळे, मऊ-कडक कळे. बाकी सगळा पुठ्ठा. फेऱ्या काढणाऱ्या कंपनीला तिने हे सांगितलं नव्हतं. मागे साल्वो या दुसऱ्या वाटाड्याचा गुडघा गेला, तेव्हा आठवड्याच्या आत त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता. चव न कळणारी बाई तर त्यांनी संध्याकाळपर्यंतही ठेवली नसती. आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला या शहरात दुसरं काम कोण देतं?

पाहुण्यांनी पावाचा पहिला घास घेतला. एक उंच नॉर्वेजियन चावता चावता थांबला. त्याच्या बायकोने घास हळूच कागदी रुमालात घेतला आणि रुमाल पर्समध्ये ठेवला.

"आवडलं ना?" नुंत्सियाने विचारलं.

सगळ्यांनी सभ्यपणे माना डोलावल्या. तेल जुनं असेल, तिला वाटलं.

समोरच्या भाजीवाल्या फिलिप्पाने रोजच्यासारखा आपला पाव उचलून नेला होता. ती अर्धा पाव हातात धरून गाड्यावर चालून आली.

"गास्पारे, वड्या तळतोयस की मासे खारवतोयस?"

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणे! मीठ दोनदा पडलंय, मेल्या! सगळं बंदर आटवून घातलंस की काय यात?" मग ती नुंत्सियाकडे वळली. "आणि तू ग? ऐकलं मी तिकडून. म्हणे, बरोबर! जीभ घरी विसरून आलीस का?"

पाहुण्यांना भाषा कळत नव्हती. बाजारातलं भांडणही फेरीतच धरलेलं असावं, अशा समजुतीने ते हसले. एकाने फोटो काढला. नुंत्सियाही हसली. तिने सगळ्यांना चर्चच्या पायऱ्यांवर सावलीत बसवलं, पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि पाच मिनिटं मागून घेतली. मग ती गाड्यापाशी परतली.

"मग बरोबर का म्हणालीस?" गास्पारेने दबक्या आवाजात विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने सांगून टाकलं. ताप, हिवाळा, पुठ्ठा, सगळं. "मीठ कळत नाही, लिंबू कळत नाही. नुसतं बोलून वेळ मारून नेते. कंपनीच्या कानावर घालू नका, काका. एवढं माझ्यासाठी करा."

गास्पारेने झारा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. तिला वाटलं, हा आता कंपनीला फोन करणार. भीतीने तिचा आवाज चढला.

"पण तुम्ही तरी एक तुकडा तोंडात घालायचा होता! गाडा तुमचा, पीठ तुमचं. रोज माझ्याच तोंडाकडे काय बघत बसता?"

गास्पारेने हात फडक्याला पुसले. फिलिप्पा जवळपास नाही ना, हे एकदा पाहून घेतलं.

"घशाच्या कॅन्सरला किरणं दिली, तेव्हाच माझी चव गेली, पोरी," तो म्हणाला. "माझी बायको पीना होती तोवर ती चाखायची. ती गेल्यापासून तू."

कढईतलं तेल तापलेलं होतं. परातीत दुसऱ्या घाण्याच्या वड्या कापून तयार होत्या. त्यांत मीठ एकदा पडलं होतं, दोनदा पडलं होतं की पडलंच नव्हतं, हे दोघांनाही सांगता येईना. गाड्यापुढे दुपारचं गिऱ्हाईक जमू लागलं होतं, आणि पलीकडे फिलिप्पा आपलं दुकान आवरायला लागली होती.