खोटा पेशंट

"खोकला खरा हाय न्हवं, मावशी?"

पूर्णिमाच्या तोंडून निघून गेलं आणि म्हातारी तिच्याकडं बघतच राहिली.

"मग काय गंमत म्हणून खोकतीया व्हय मी?"

पूर्णिमानं जीभ चावली. गडमुडशिंगीत डॉ. जिनपाल यांच्या दवाखान्यात ती एकटीच नर्स. आसपासच्या दवाखान्यांतल्या नर्सना कामाच्या जागीच दिलेलं प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं. त्याचा उपयोग किती झाला हे बघायला प्रशिक्षण देणाऱ्या चंदना मॅडम कुठल्याही दिवशी एक खोटा पेशंट पाठवणार होत्या. त्यात चुकली तर डॉक्टर दुसरी नर्स बघणार, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती, की घास उतरत नव्हता. दार करकरलं तरी काळजात धस्स व्हायचं.

म्हातारी गेली. डॉक्टर गावात कुणाला तरी तपासायला बाहेर पडले. तोच दारात एक दणकट, मिशाळ माणूस येऊन उभा राहिला. नाव सांगितलं हंबीरराव.

"छातीवर पाटा ठेवल्यागत वाटतंय, बाई. डाव्या हातात कळ जातीया."

प्रशिक्षणात सांगितलेलं अगदी तसंच! पूर्णिमाला हसू फुटता फुटता राहिलं. हाच तो.

"कवापासनं दुखतंय?"

"सकाळपासनं. म्हंजे..." तो अडखळला. "न्हाय, आत्ताच. पाठीत. जबड्यात बी."

पाठ केलेलं विसरला बिचारा, तिला वाटलं.

"सावकाश सांगा, पावणं. घाई न्हाय."

"बाई, मस्करी न्हाय. खरंच दुखतंय."

"व्हय तर! पडा बघू इथं."

तिनं शिकवल्याप्रमाणं सगळं रीतसर केलं. बीपी घेतलं, ईसीजीच्या वायरी लावल्या. त्याच्या कपाळावरचा घाम बघून मनातल्या मनात दादही दिली. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला आणि त्यावरच्या रेषा बघून तिचे हात गार पडले.

माणूस सोंग आणेल, मशीन कसं आणेल?

म्हणजे हा खराच पेशंट! आणि आपण हसत होतो! तिनं डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेली गोळी त्याला चघळायला दिली, एकशेआठला कळवलं. दवाखान्यासमोर उसाची ट्रॉली अडली होती. तिनं रस्त्यावर धावत जाऊन, घसा फुटेस्तोवर ओरडून ती बाजूला काढायला लावली. धापा टाकत आलेले डॉक्टर पेशंटबरोबरच ॲम्ब्युलन्समध्ये चढले.

कोल्हापुरातून त्यांचा फोन आला, तो तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"वाचला, सिस्टर. जरा उशीर झाला असता तर हाती लागला नसता."

पूर्णिमा भिंतीला टेकून खालीच बसली. रडू आवरेना. कुठली परीक्षा आणि कुठलं काय. एवढ्यात मोबाईल परत वाजला. चंदना मॅडम.

"मॅडम, तुमचा तो खोटा पेशंट आज नका धाडू. आज एक खरा येऊन गेलाय. माझ्या अंगात त्राण उरलं न्हाय."

पलीकडं मॅडम खळखळून हसल्या.

"वाटले ना अगदी खरे पेशंट? नाटकात कामं करतात ते. पण आता सोडा की आमच्या हंबीररावांना. दुपारी हातकणंगल्याच्या दवाखान्यात त्यांना हेच सोंग पुन्हा करायचंय."