माजरीतला पांढरा डेलिया

कोळसा खाणींच्या माजरी गावात पांढरं काही टिकत नाही. वाळत घातलेला सदरा संध्याकाळपर्यंत राखाडी होतो, तुळशीच्या कट्ट्यावर बोटानं नाव काढता येतं. तरी गोकुळानं वरोऱ्याच्या नर्सरीतून डेलियाचा कंद आणून कुंडीत लावला, आणि तोही पांढऱ्या फुलाचा.

पौषात बशीएवढं फूल उमललं. सगळं अंगण कोळशाच्या धुळीनं काळं, आणि फूल मात्र रोज सकाळी दुधासारखं. पाकळ्यांवर ओल्या फडक्यानं पुसल्याच्या खुणा.

"तुमी पुसता का जी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी काऊन पुसू? मले वाटलं, तूच पुसून राह्यली," खुशाल म्हणाला.

आत त्यांची लहानगी रीना खोकत होती. दिवाळीपासूनचा खोकला. डॉक्टर झाले, औषधं झाली. रोज सकाळी तिच्या उशीवर काळी पूड दिसायची.

त्या संध्याकाळी गोकुळानं कुंडी उचलून रीनाच्या खाटेशी ठेवली. "याले जो कोणी जपते, त्यानं माह्या पोरीलेबी पाहावं," ती पुटपुटली.

सकाळी चूल पेटवून ती खोलीच्या दाराशी आली. फूल काळंकुट्ट झालं होतं.

मग तिला उशी दिसली. स्वच्छ होती. रीना शांत झोपली होती, छातीतली घरघर थांबली होती. गोकुळाचा जीव भांड्यात पडला.

रीनाचा एक गाल ओला होता. झोपेतच तिनं कूस बदलून दुसरा गाल वर केला. जवळ कोणी नसताना त्यावरची काळी धूळ हळूच, ओलं फडकं फिरावं तशी, एका पट्ट्यात निघाली.

गोकुळा उंबऱ्यातच थांबली.

"होऊ द्या तुमचं," ती हळू आवाजात म्हणाली.