बाविसावं तिकीट

"एकवीस माणसं आणि बावीस तिकिटं? बाई, हा काय घोळ?" तपासनीस गुरकावला. "आणि हे जास्तीचं माळावरच्या थांब्यापासूनचं! तिथं गाडी अजून पोचलीसुद्धा नाही. वर कळवतो, घरी बसाल."

कंडक्टरबाईंचं डोकं सोमवारपासूनच तापलेलं होतं. सोमवारी याच माणसाने एका आजोबांना विनातिकीट पकडून त्या थांब्यावर भर उन्हात उतरवलं होतं. संध्याकाळी परतताना थांब्याच्या बाकावर नुसती त्यांची काठी पडलेली होती. आजोबा घरी पोचलेच नव्हते.

"दंड घ्या, पावती द्या. माणूस माळावर टाकायचा, हे कुठल्या नियमात लिहिलंय हो?"

"अद्दल घडल्याशिवाय फुकटे सुधारत नाहीत."

"फुकटे? अहो, पाकीट विसरले होते ते! स्वतःच्या वडिलांना उतरवलं असतंत?"

तेवढ्यात घंटा एकदा वाजली. दोरी बाईंच्या डोक्यावरच लोंबत होती आणि तिला कुणीही हात लावला नव्हता.

ड्रायव्हरने गाडी थांबवली. बाहेर तोच माळ, तोच थांबा. दार उघडलं, पण कुणी उतरेना की चढेना.

"कुणाचा चावटपणा हा?" म्हणत तपासनीस तणतणत खाली उतरला आणि थांब्यामागे डोकावला.

घंटा दोनदा वाजली. ड्रायव्हरने सवयीने गाडी काढली. तपासनीस बोंबलत धावला, पत्र्यावर हात आपटत राहिला आणि मागे पडला.

बाईंचा हात दोरीकडे गेला, पण त्यांनी ती ओढली नाही. आधी त्यांनी पुढून मागे डोकी मोजली.

बावीस भरली.