कड जाड राहिली

"माझ्या पुरणपोळ्या परत आणा, नाहीतर मी चालले दुसऱ्या साइटवर!" हेमलताताईंनी फोनवरच दम भरला. आमची पाककृतींची साइट मी चालवतो, त्यामुळे बोलणीही मलाच. ज्या फुकट सेवेवर सगळ्यांचे फोटो ठेवले होते, ती न सांगता बंद पडली होती. पाककृती शाबूत, फोटोंच्या जागी नुसत्या करड्या चौकटी. ताई गेल्या असत्या तर निम्मी मंडळी त्यांच्या मागोमाग गेली असती.

मी दुसरी भरवशाची सेवा शोधत असताना खांबेटे पेनड्राइव्ह घेऊन दारात उभे. आमच्या साइटवर प्रत्येकाच्या पदार्थात खोट काढणारे ते हेच. आणि त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्यांचे सगळे फोटो!

"हे तुमच्याकडे कसे?"

"चूक दाखवायची तर पुरावा नको? लोक नंतर फोटो बदलतात हो. ज्यात चूक सापडत नाही, तो मात्र मी ठेवत नाही."

"पण इथे तर सगळेच आहेत."

"मग?" खांबेटे म्हणाले.

मी हे ताईंना सांगितलं. त्या आधी फणकारल्या, मग त्यांनी पुरण शिजायला घातलं.

हल्ली मी भरवशाची सेवा शोधत नाही; फोटो पुन्हा एका फुकट सेवेवरच ठेवतो. ताई शेवटची पोळी लाटताना एक कड मुद्दाम जाड ठेवतात, तिचाच फोटो टाकतात आणि वाट बघत बसतात. खाली खांबेट्यांचा शेरा उमटतो, "कड जाड राहिली."

मग कुठे त्या निर्धास्तपणे जेवायला बसतात.