साडेनऊचा निरोप

"पोचले बाबा, काळजी नको," बाबांचा फोन खिशातून खणखणीत आवाजात म्हणाला.

पोचलेली लेक त्यांच्या समोरच बसली होती. अंगावर रात्रीचाच गाऊन, मांडीवर तापाने फणफणलेली दहा महिन्यांची पोर, हातात औषधाचा ड्रॉपर. बाबांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून आलेला निरोप फोनच वाचून दाखवायचा.

तापाच्या पोरीला पाळणाघर घेईना. आज तिची रजा, उद्यापासून बाबा, असं ठरवून तिनेच त्यांना काल बोलावून घेतलं होतं. साहेबांना कळवलं, डॉक्टरांची वेळ घेतली, सगळं आठवणीने केलं. साडेनऊचा निरोप तेवढा थांबवायचा राहिला.

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत. लेक ऑफिसात पोचल्याचं कळेपर्यंत त्यांना चहा गोड लागत नसे. पाच मिनिटं इकडची तिकडे झाली की थेट साहेबांना फोन. शेवटी साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, तुमच्या वडिलांकडेच हजेरीपुस्तक देऊन टाकू या. सगळे हसले. त्याच संध्याकाळी तिने फोनमध्ये सोय केली. रोज साडेनऊला निरोप आपोआप जायला लागला.

बाबांचं उत्तरही रोज यायचं, त्यांच्या आवाजात. पहिली चार तिने ऐकली. चारही सारखीच: बरं झालं, मी मजेत आहे. मग रोज ऐकायचं काय? पोर झाल्यावर तर ती उत्तरं उघडायचीही बंद झाली.

"नेटवर्कचा घोळ असेल, बाबा. कालचा निरोप आज आला," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिचे कान तापले.

बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "अगं, तू रविवारीसुद्धा पोचतेस. ही झाली त्या दिवशी मी दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसलो होतो, तेव्हाही पोचलीस."

आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं.

म्हणजे निदान दहा महिने त्यांना ठाऊक होतं. तिने पोरीला गादीवर निजवलं आणि स्वतःचा फोन ओढला. न ऐकलेली उत्तरं संपता संपेनात. आणि ती छोटी नव्हती. पाच मिनिटं, सात मिनिटं. एक तर अकरा मिनिटांचं. तिने तारीख पाहिली. आईला जाऊन वर्ष झालं तो दिवस. त्या संध्याकाळी तिने चौकशीचा फोन केला होता, तेव्हा बाबा म्हणाले होते, मी मजेत आहे.

तिचं बोट त्या उत्तरावर टेकणार, तोच बाबांनी पडद्यावर तळहात ठेवला.

"नको ऐकूस."

"कळलं होतं, तर मग एवढं बोलत कशाला बसायचात, बाबा?"

पोर कुरकुरली. बाबांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटत खिडकीपर्यंत गेले. लेकीकडे न वळताच म्हणाले, "तू ऐकत नाहीस हे कळलं, तेव्हाच तर मला बोलता यायला लागलं."