बाविसावा ठोका

बावीस ठोक्यांनंतर यंत्राची हातोडी थांबली, तशी आतल्या खोलीतून सिंधूकाकूंनी हाक दिली, "आहे हो मी!" हातोडी पुन्हा तांब्याच्या घंगाळावर पडू लागली.

दुरुस्तीला आलेल्या तरुणाने कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, हीच तक्रार आहे. यंत्र मध्येच उगाच थांबतं."

"उगाच नाही रे," काकू बाहेर येत म्हणाल्या. "तुमच्या लोकांनी ह्यांचा हात यंत्राला शिकवला, तेव्हा मी आत अंथरुणाला खिळले होते. घंगाळ मठारता मठारता हे थांबायचे. माझा आवाज आला की मगच पुढचा ठोका. महिन्याभराने हेच गेले, आणि मी राहिले. यंत्राने तेवढं उचललंय, ते राहू दे ना."

"तांबट आळीतल्या सगळ्या यंत्रांत काकांचाच हात आहे, काकू. तीसच्या तीस थांबतात. हे थांबणं काढून टाकायला वरून सांगितलंय."

त्याने यंत्राच्या पडद्यावर बोट फिरवलं.

तो गेल्यावर काकू आत कॉटवर बसून ठोके मोजू लागल्या. बाविसावा पडला. लगेच तेविसावा पडला.

"आहे हो मी," त्या म्हणाल्या. मग आणखी मोठ्याने म्हणाल्या.

ठोके पडतच राहिले.